खिरापत ओळखणारी मुलगी

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो की, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मीही तेच सांगणार आहे, पण माझी अडचण जरा वेगळी आहे. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं मला परवडणारंच नव्हतं. मी नऊ वर्षांची असल्यापासून आमच्या अख्ख्या गोतावळ्यात ‘हिला भास होतात’ म्हणून मी प्रसिद्ध आहे. लग्न ठरलं तेव्हा एका मावशीने माझ्या होणाऱ्या सासूबाईंना बाजूला घेऊन हे सांगितलंसुद्धा होतं. सासूबाई भल्या, त्यांनी हसण्यावारी नेलं.

त्यामुळे मी आयुष्यभर फार जपून राहिले. पडदा हलला तर ‘वारा असेल’ म्हणणारी पहिली मीच. पुढे पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन झाले, तेही मनातून याच कारणासाठी. स्लाइडवर दिसतं तेवढंच लिहायचं आणि खाली डॉक्टरांची सही होते. मी जे पाहिलं ते बरोबर आहे असं रोज कोणीतरी सही करून सांगतं, याचं सुख काय असतं ते सगळ्यांना कळणार नाही. तर अशी बाई आज तुम्हाला एक अनुभव सांगायला बसली आहे, आणि दोनदा टाइप करून पुसलं आहे.

आधी थोडं मागचं सांगावं लागेल. विदर्भाबाहेरच्यांसाठी म्हणून सांगते… आमच्याकडे भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा भुलोजी. संध्याकाळी मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात. गाणी संपली की त्या घरची बाई झाकण लावलेला डबा आणते, कानाशी वाजवून दाखवते आणि आत काय खिरापत आहे ते मुलींनी ओळखायचं. गोड की तिखट, गोल की लांब, असं विचारत विचारत. ओळखलं तर मुली जिंकल्या. नाही ओळखलं तर घरच्या बाईचा तोरा.

माझ्या आईची खिरापत कधीच कोणाला ओळखता आली नाही. आम्ही तेव्हा जुन्या नागपुरात, महाल भागात दोन खोल्यांत राहायचो. आई मूळची नरखेडकडची, संत्र्याच्या बागायतदारांची लाडाची लेक. दिसायला देखणी, बोलायला गोड. गल्लीतल्या बायका तिच्या भोवती गोळा व्हायच्या. घराबाहेर ती साखर होती, आणि घरात तिच्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही श्वास घ्यायचा की नाही ते ठरवायचो. बाबा आणि मी, दोघंही.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी आमच्याकडे गाणी झाली, आईने डबा वाजवला आणि एक मुलगी ओरडली, “शेव!” आई हसली. “हॅट, नाही वं!” आणि झाकण घट्ट बसलंय, सांडशीने उघडून आणते म्हणून आत गेली. मी माठाजवळ पाणी पीत उभी होते, अंधारात, तिला दिसले नाही. तिने हातातला डबा गव्हाच्या कोठीमागे सरकवला आणि तसाच दुसरा डबा उचलून बाहेर नेला. त्यात खोबऱ्याच्या वड्या होत्या.

“पण काकू, आवाज तं खुळखुळ येत होता,” ती मुलगी म्हणाली. “कान तपासून घे वं बाई आपले,” आई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. आणि मी, मूर्खासारखी, सगळ्यांसमोर म्हणाले, “आई, तो डबा दुसरा होता.”

सगळ्यांत जास्त आईच हसली. नंतर कोजागिरीपर्यंत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. मारलं नाही, रागावली नाही. ताट माझ्यासमोर ठेवायची आणि बाबांना म्हणायची, “तिले सांगा, जेवून घे.” मी तिच्या मागेमागे फिरायचे, पाय धरायचे, आणि ती माझ्यातून आरपार पाहायची. मग एके दिवशी तिने मला जवळ घेतलं, केसांतून हात फिरवला आणि अगदी मायेने म्हणाली, “तू काहीच पाहिलं नाही. तुले भास झाला. तुझ्या बाबाच्या आत्यालेही व्हायचे, शेवटी तिले खोलीत कोंडून ठेवा लागे.”

मी हो म्हणाले. तिने जवळ घेतलं होतं, मी काहीही कबूल केलं असतं. नंतर तिने हे डोळ्यांत पाणी आणून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. झाडफूक करणाऱ्या एका माणसाकडे नेलं. लोक तिला म्हणायचे, किती सोसते बाई. मी बाबांना एकदाच विचारलं, ते म्हणाले, “जाऊ दे वं. तू हो म्हण, विषय संपते.” विषय कधीच संपला नाही. मी कॉलेजात असतानाही ती बोललेला शब्दन् शब्द मला आठवायचा आणि ती म्हणायची, “मी असं म्हटलंच नाही, तुझं ते सुरू झालं वाटते पुन्हा.” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं, पण ही म्हणसुद्धा मनातल्या मनात म्हणायची भीती वाटायची.

माझी मुलगी ओवी झाल्यावर मी धंतोलीत एका काउन्सेलर मॅडमकडे जायला लागले. ‘नार्सिसिस्ट पेरेंट’, म्हणजे स्वतःपलीकडे काही न दिसणारे आईबाप, हा शब्द पहिल्यांदा तिथे ऐकला. आईला मी तो शब्द चिकटवत नाही, मी काही डॉक्टर नाही. पण घरी येऊन त्याचं वर्णन वाचलं तेव्हा दरदरून घाम फुटला, कारण आमच्याच स्वयंपाकघरात बसून कोणीतरी लिहिल्यासारखं होतं. हळूहळू मी सावरले. फोन कमी केले, जाणं सणावारापुरतं ठेवलं. बाबा गेले तेव्हा वाटलं आता पुन्हा अडकणार, पण तेही निभावलं.

मग गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी एकुलती एक. एकटीला ठेवणार कुठे? माझे मिस्टर नितीन म्हणाले, “काहून टेन्शन घेऊन राहिली? महिनाभराचा तर प्रश्न आहे.” आणि ऐन भुलाबाईच्या दिवसांत आई आमच्या सक्करदऱ्यातल्या फ्लॅटवर राहायला आली.

आठवड्याभरात तिने अपार्टमेंट जिंकलं. खालच्या मजल्यावरच्या धोटे काकू रोज चहाला वर यायला लागल्या. “तुमच्या आई म्हणजे ना… अशी माणसं राहिली नाहीत आता,” असं मला लिफ्टपाशी थांबवून सांगायच्या. मी हसून मान डोलवायचे. आपलेच दात, आपलेच ओठ.

पण घरात ओवी बदलत चालली होती. ती आठ वर्षांची, तोंडाचा पट्टा अखंड सुरू असणारी पोर. आता मी काही विचारलं की ती आधी आजीकडे पाहायची आणि मग उत्तर द्यायची. भूक लागली का, एवढं विचारलं तरी. एकदा होमवर्क करता करता तिने मला हळूच विचारलं, “आई, लहानपणी तुला जे दिसायचं, ते अजून दिसतं का?” मी पेन खाली ठेवलं. कोणी सांगितलं म्हटलं तर तिने वहीत डोकं खुपसलं. मी त्या रात्री नितीनना म्हटलं, ही बाई माझ्या पोरीला खातेय. ते म्हणाले, महिना संपत आलाय, थोडं सहन कर.

मग आमच्या घरी भुलाबाईची पाळी आली. आईने आधीच जाहीर केलं होतं की खिरापत तीच करणार. मी लॅबमधून आले तेव्हा घरभर तळणाचा आणि तुपाचा वास होता. ओवी स्वयंपाकघराच्या दारात बसली होती, मला पाहून दचकून उभी राहिली. मी सहज विचारलं, “काय केलं ग खिरापतीला?” तिने आजीकडे पाहिलं. आई ओटा पुसत होती, तिने मान वर केली नाही.

“मला नाही माहीत,” ओवी म्हणाली. कोपरापर्यंत तिचे हात मैद्याने माखलेले होते.

मला तेव्हाच कळलं की दोन डबे आहेत. माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या मुलीला हाताशी धरून तोच खेळ पुन्हा मांडला गेला होता. मी हातपाय धुतले, समई लावली. घड्याळाकडे पाहत बसले. इतक्या वर्षांच्या काउन्सेलिंगनंतरही त्या बाईसमोर मी नऊ वर्षांचीच होते, याचा मला संताप येत होता.

अंधार पडता पडता मुली आल्या. हॉल भरला. बायका भिंतीला टेकून बसल्या, धोटे काकू मोबाईल घेऊन व्हिडिओ काढत होत्या. दार सताड उघडं होतं, बाहेर चपलांचा ढीग. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या. आई डबा घेऊन आली, डोळ्यांवर तो ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, आणि काय रुबाब! तिने डबा वाजवला. “सांगा वं पोरींनो!”

“लाडू!” “चिवडा!” “चकली!” आई प्रत्येकीला नाही म्हणत होती. मग एक मुलगी म्हणाली, “शंकरपाळे!”

आई क्षणभर थांबली. मी तिला ओळखते, ते थांबणं मला ओळखता येतं. “हॅट, नाही वं!” ती म्हणाली. “थांबा, झाकण घट्ट बसलं…” आणि आत गेली. मी ओवीकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं होतं आणि जमिनीकडे पाहत होती. मला उठायचं होतं, पण मी बसूनच राहिले.

आई बाहेर आली. डबा उघडण्यासाठी तिने झाकणाला हात लावला, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“शंकरपाळे बराबर होते, काकू.”

दाराच्या चौकटीला टेकून एक मुलगी उभी होती. नऊ-दहा वर्षांची, काटकुळी. तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, वर दुमडून रिबिनीने बांधलेल्या. चौकटीचा, धुऊन धुऊन विटलेला फ्रॉक. अनवाणी. मी तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं. मुलींबरोबर कोणाची तरी पाहुणी आली असेल, एवढंच मनात आलं.

“तो डबा तुमी ओट्याखाली ठेवला, पिठाच्या पिंपामागं,” ती म्हणाली. आवाजात ना भीती ना उद्धटपणा. बातमी सांगावी तसं सांगत होती. “ह्याच्यात रव्याच्या वड्या आहेत. आणि ओवीले म्हटलं तुमी, आईले सांगशील तं तुले बी तिच्यासारखे भास होतील. खोलीत कोंडून ठेवतील म्हटलं.”

आमच्या अपार्टमेंटमधली मुलं आता असं बोलत नाहीत, हे मला नंतर सुचलं. तेव्हा फक्त कानात गरम काहीतरी ओतल्यासारखं झालं. माझ्या मुलीला हे सांगितलं होतं तिने. माझ्या मुलीला.

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने काळा चष्मा वर केला, दाराकडे नीट पाहिलं आणि कोरड्या आवाजात विचारलं, “कोणाची वं तू?”

मी आईकडे पाहत होते. पुन्हा दाराकडे वळले तर चौकट रिकामी. मी उठून धावत बाहेर गेले. जिन्यात कोणी नव्हतं. लिफ्ट खाली उभी होती. खाली गेटपाशी धोटे काकूंच्या सासूबाई रोजच्यासारख्या खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिथून मांजर गेलं तरी कुठे चाललं म्हणून विचारणाऱ्या त्या. मी वरूनच ओरडून विचारलं. “कोनी नाही गेलं बाई,” त्या म्हणाल्या, “सगळ्या तं वरच आहेत ना?” मी गच्चीपर्यंत जाऊन आले. गच्चीच्या दाराला कुलूप होतं.

परत आले तेव्हा हॉलमध्ये कुजबुज चालू होती. आईच्या मांडीवरच्या डब्याचं झाकण कोणीतरी काढलं होतं. रव्याच्या वड्या. मी कोणाशी न बोलता स्वयंपाकघरात गेले, ओट्याखाली वाकले आणि पिंपामागून शंकरपाळ्यांचा डबा काढून आणून सगळ्यांसमोर ठेवला.

“अवं, ते तं उद्याच्यासाठी ठेवले होते,” आई म्हणाली. रंग परतला होता चेहऱ्यावर. “ओवीबाई, तुले सांगितलं होतं ना, उद्याचं गुपित आहे म्हणून? सांगून टाकलंस सगळ्यांले?” आणि बायकांकडे पाहून हसली. बायकाही हसल्या, सुटल्यासारख्या. त्यांनाही तेच हवं होतं.

“मी नाही बोलले,” ओवी म्हणाली. “ती ताई बोलली. दारातली.”

“कोणती ताई, बेटा?”

“तूच विचारलं ना तिला, कोणाची म्हणून?”

“मी तुलेच म्हटलं ते, गमतीनं. दारात कोणीच नव्हतं.”

धोटे काकू म्हणाल्या, थांबा, व्हिडिओ आहे ना. सगळ्या त्यांच्या मोबाईलवर वाकल्या. मीही. व्हिडिओत आई डबा घेऊन बाहेर येते. मुलींचा गलका चालू असतो, तो एकदम थांबतो. कोणीतरी बोलत असताना बाकीचे थांबतात तसा. मग नुसती शांतता. त्या शांततेत दाराची चौकट स्पष्ट दिसते, बाहेरच्या चपला दिसतात, आणि दारात कोणीही नाही. ओवी कोपऱ्यात आहे, दोन्ही हात तोंडावर. मग आई चष्मा वर करते आणि दाराकडे पाहून विचारते, “कोणाची वं तू?”

बायकांनी मोबाईलवरून माना वर केल्या. आईनेच तोंड उघडलं. तो गोड, ओलसर आवाज. “पाह्यलं? आहे कोणी? आता काय सांगू तुम्हाले… हिच्या आईलेही लहानपणापासून असंच. मी किती केलं, किती दाखवलं. आता ह्या लेकरात उतरलं.” आणि तिने ओवीला जवळ ओढलं, केसांतून हात फिरवायला लागली. “तुले भास झाला, बेटा. तिथं कोणी नव्हतं. हो ना?”

ओवीचे डोळे भरून आले होते. खोलीभर बायका आमच्याकडे पाहत होत्या. धोटे काकूंच्या डोळ्यांतली ती कीव मला पाठ आहे, लहानपणी गल्लीतल्या प्रत्येक दारात पाहिलेली. ओवीने त्या हाताखालून माझ्याकडे मान वळवली.

“आई, होती ना ती?”

एक ‘नाही’ म्हटलं असतं तर सगळं मिटत होतं. व्हिडिओ समोर होता. शहाण्या आईने मुलीची समजूत घालावी, अगं सावली असेल, तुला वाटलं असेल, असंच कोणीही म्हणेल. हो म्हटलं तर उद्या अपार्टमेंटभर, परवा नात्यागोत्यात मायलेकी दोघींच्या नावाने डंका. आईला ते ठाऊक होतं. ती माझ्याकडे पाहून किंचित हसत होती. आणि खरं सांगू? मलाही कळत नव्हतं मी काय पाहिलं ते. पण पाहिलं होतं.

“होती,” मी म्हणाले. “मी पण पाहिली. दोन वेण्या होत्या तिला.”

“आणि चौकटीचा फ्रॉक,” ओवी म्हणाली. मी हे तोपर्यंत कोणासमोर उच्चारलेलं नव्हतं. ती आजीच्या हाताखालून निघाली, माझ्याकडे आली आणि माझ्या कुशीत शिरून इतकी रडली, इतकी रडली की बायका एकेक करून उठून गेल्या. महिनाभराचं सगळं त्यात बाहेर आलं. आजी काय काय सांगायची, कशी गप्प बसायची, बोलायला लागावी म्हणून ही काय काय कबूल करायची. मी ऐकत होते, आणि प्रत्येक गोष्ट मला आधीच माहीत होती.

दुसऱ्या दिवशी नितीन आईला महालात सोडून आले. आता तिच्याकडे एक बाई राहते, औषधपाणी मी पाहते, पण ओवीला तिथे नेत नाही. नात्यात व्हायची ती बोंब झाली आहे. एका मावसभावाने फोन करून चांगला सायकिअॅट्रिस्ट सुचवला. वाईट वाटतं, वाटत नाही असं कशाला म्हणू. पण आता झोप लागते.

तुमच्यापैकी काही जण कमेंटमध्ये लिहाल की ती मुलगी म्हणजे तूच, तुझं लहानपण. काउन्सेलर मॅडमनाही आधी तसंच वाटलं. पण लहानपणी मी चांगली गुबगुबीत होते आणि आईने माझा कायम बॉयकट ठेवला होता, वेण्या मला कधी मिळाल्याच नाहीत. बाबांच्या त्या आत्याबद्दलही मी चौकशी केली. तिचा फोटो कोणाकडे नाही, आणि तिला खरंच काही व्हायचं का, हे सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. व्हिडिओ मी अनेकदा पाहिला. दार रिकामं ते रिकामंच आहे. मग आई कोणाशी बोलली? आणि सगळ्या मुली एकदम गप्प का झाल्या? त्यांच्यातल्या काही म्हणतात ओवी बोलली, काही म्हणतात आठवत नाही.

माझ्याकडे याचं उत्तर नाही, आणि मी ते शोधणं थांबवलं आहे. मला जे दिसलं ते मी लिहिलं. खाली सही करायला कोणी नाही, चालेल. त्या संध्याकाळी आमच्या दारात एक मुलगी उभी होती, आणि ती खरं बोलत होती.